हॅरीच्या गुत्त्यातला कडू घास

ओल्डहॅम, विलायत
१४ नोव्हेंबर १९४२

मामांच्या आणि मामींच्या पायांवर हरिबाचं डोकं.

मी जिवंत पोचलो. बोटीत अन्न पोटात ठरत नव्हतं आणि समुद्रात पाणबुड्यांची भीती, त्यामुळं दिवसभर ओकायचं आणि रात्री रामाचं नाव घ्यायचं, एवढंच काम होतं. आता ते संपलं. ही पत्रं मध्ये सरकारचा माणूस फोडून वाचतो म्हणतात. मराठी येणारा कोण बसवलाय देव जाणे. त्यालाही माझा नमस्कार.

भाटघरच्या धरणाच्या दारांना वंगण लावणारा तुमचा जावई आता कारखान्यात गोऱ्या कामगारांच्या रांगेत उभा राहून लेथ चालवतो. काय बनवतो ते लिहायची बंदी आहे. सहा महिने शिकायचं आणि परत यायचं. आल्यावर पुण्यात फिटरची पक्की नोकरी देणार आहेत. बयाला सांगा, पुण्यात दोन खोल्या, नळाचं पाणी आणि तिची स्वतःची चूल. आईबाप नसलेल्या माणसाला तुम्ही घरजावई करून उंबऱ्याच्या आत घेतलंत, पोरगी दिलीत. आता तिला चार दिवस सुखाचे दाखवीन तरच मी तुमचा.

राहायला एका म्हाताऱ्या जोडप्याकडं दिलंय. म्हातारा बिल, सुताच्या गिरणीत जन्म गेला, आता नुसता खोकतो. बाईला मी हॉल्टबाई म्हणतो. जीव लावते, पण खायला बटाटा. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, रात्री त्याच बटाट्याला वेगळा आकार. इथं ऊन म्हणजे पाहुणा आहे. आला तर दारातूनच परत जातो.

आता एक गोष्ट लिहितो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? इथं प्रत्येक आळीच्या तोंडाशी दारूचं दुकान आहे. आमच्या आळीच्या दुकानाचं नाव काळा बैल. दारावरची बैलाची पाटी बघून मला वाटलं होतं, जनावरांचा बाजार असेल. शनिवारी बिल मला तिथं घेऊन जातो. घरात कोळसा मोजका, शेगडी रविवारीच पेटते. दुकानात मात्र रोज विस्तव. मी तिथं झाडाच्या मुळ्या उकळून केलेलं काळं गोड पाणी पितो, दुसरं काही नाही. नागेश्वरापुढं उचललेला बेलभंडारा माझ्या ध्यानात आहे. चार माणसं भेटतात म्हणून बसतो, एवढंच.

बयाला सांगा, मी बरा आहे.

तुमचा
हरिबा


आंबवडे, भोर संस्थान
माघ वद्य पंचमी, फेब्रुवारी १९४३

जावईबापू, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.

तुमचं पत्र एकदाचं हाती आलं. तोवर तुमच्या मामींनी नागेश्वराला इतके नवस बोलून ठेवलेत की फेडता फेडता आमचं म्हातारपण सरेल.

पत्र मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. बटाट्याचं ऐकून तुमच्या मामी म्हणाल्या, "भाकरीबिगर मानूस जगतंय तरी कसं, वो?" नळाचं ऐकून बया लाजून आत गेली. मग रात्री हळूच विचारत होती, नळ घरात असतो का आळीत. मला काय ठाऊक? मी पुण्यात कोर्टापलीकडं काही पाहिलं नाही. शेजारपाजार कान देऊन बसला होता, म्हणून काळ्या बैलाचं पान आलं तसा मी खोकलो आणि पुढचं वाचलं. बयालाही ते ठाऊक नाही.

बापू, रागावू नका, पण आता ऐका. आमची थोरली सोजरा तुम्ही पाहिली होती. शिवऱ्याला दिली तेव्हा तिचा नवरा गुत्त्यात नुसता बसायला जायचा. "मामा, म्या पीत न्हाई, चार मानसं भेटत्यात म्हनून बसतो," हे याच ओट्यावर बोलला होता. तुमच्या पत्रात मी तेच शब्द वाचले. त्याच्या घरातले आधी बैल गेले, मग भांडी गेली, मग आमची पोर आडात सापडली. दोर लावून तिला वर काढणारा मीच होतो.

म्हणून तर बोटीत चढायच्या आधी तुम्हाला देवळात नेलं. बेल आणि भंडारा हातावर घेऊन तुम्ही बोललात की दारू जिभेला लावीन तर बया माझी नाही. मी बोलायला लावलं नव्हतं, तुम्ही आपणहून बोललात. तुमच्या शब्दावर माझा भरवसा आहे. पण शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यालं तरी लोक शिंदीच म्हणतात. दुधानं तोंड पोळलंय आमचं, आम्ही ताकसुद्धा फुंकून पिणार.

घोंगडी पाठवू का? थंडीला घोंगडी बरी, गुत्त्यातला विस्तव नको.

मानसिंग


ओल्डहॅम
६ जून १९४३

मामांना आणि मामींना नमस्कार.

आधी वाईट सांगतो. सहा महिन्यांचं बोलणं होतं, पण आता लढाई संपेपर्यंत सोडत नाहीत. मला आणि आणखी काही जणांना इथंच कामावर ठेवून घेतलंय. मी साहेबापुढं जाऊन सांगितलं, घरी बायको आहे. तो म्हणाला, सगळ्यांच्याच घरी बायका आहेत. बयाला हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. 

सोजराताईंचं वाचून मी दोन दिवस धड जेवलो नाही. त्यांच्या नवऱ्याचेच शब्द माझ्या हातून पडले याची मला लाज वाटते. पण मामा, इथला गुत्ता तसा नाही. शिवऱ्याच्या गुत्त्यात माणूस तोंड लपवून शिरतो. इथं माणूस कपडे बदलून, केसांना पाणी लावून जातो. आपल्याकडं देवळाच्या पारावर बसतात तसं इथं बसतात. कोण आजारी, कुणाचं पोर लढाईवर, कुणाच्या आळीत बॉम्ब पडला, सगळं तिथं कळतं. म्हातारे ठिपक्यांच्या सोंगट्यांचा डाव मांडतात. बाया आतल्या खोलीत विणकाम घेऊन बसतात. खाली भुसा टाकलेला असतो, थुंकायला. रात्री मालक घंटा वाजवून वेळ झाल्याचं ओरडतो, की सगळे गुमान उठतात. कुणाला उचलून न्यावं लागत नाही. निदान दर शनिवारी तरी नाही.

मालकाचं नाव हॅरी. माझं नाव हरिबा म्हटल्यावर तो मलाही हॅरीच म्हणायला लागला. थोरला हॅरी आणि काळा हॅरी. पहिल्या दिवशी मी आत गेलो तेव्हा सगळे बोलायचे थांबले होते. हॅरीनं खुर्ची ओढून विस्तवाजवळ ठेवली आणि म्हणाला, हा गारठलाय, सरका. त्या दिवसापासून ती माझी खुर्ची. एकानं सगळ्यांना पाजायची, मग दुसऱ्यानं, असा त्यांचा रिवाज आहे. माझी पाळी आली की मी त्यांना पाजतो, त्यांची आली की मला काळं पाणी मिळतं. आधी हसले, आता हॅरी न विचारता माझी बाटली काढून ठेवतो. त्याचा एकुलता पोरगा जिमी आरमारात आहे. त्याचा फोटो गल्ल्याच्या वर टांगलाय. हॅरी त्या फोटोशी बोलतो, आणि कुणी त्याला वेडा म्हणत नाही.

मामा, कारखान्यात मशिनाचा आवाज, घरात बिलचा खोकला, आणि कुणाला माझ्या गावाचं नाव उच्चारता येत नाही. आठवड्यातून एकदा त्या खुर्चीवर बसलो तर मला माणसासारखं वाटतं. तुम्ही म्हणाल तर तेही सोडीन. पण म्हणू नका.

हरिबा


आंबवडे
भाद्रपद शुद्ध दशमी, सप्टेंबर १९४३

जावईबापूंना आशीर्वाद.

म्हणू नका म्हणालात, तरी म्हणतो.

शिवऱ्याचा रखमाजी पलटणीतून पाय मोडून परत आला. भोरच्या बाजारात माणसं जमवून सांगत होता, "सायबाच्या मुलखात गुत्त्यात बायाबी बसत्यात, अन् आपली पोरं तितं जाऊन त्यांच्यावानीच व्हत्यात." कुणी तरी तुमचं नाव काढलं. मानसिंगाचा जावई तिकडंच आहे, त्याचं काय? मी मिरच्यांचं पोतं तसंच टाकून घरी आलो. विकलीसुद्धा नाही.

लढाई संपेपर्यंत येत नाही हे बयाला सांगितलं. ती तशीच उठली. गोठ्यात गेली आणि शेण भरायला लागली, सकाळी एकदा भरून झालं होतं तरी. मग गुत्त्याचंही सांगावं लागलं, कारण बाजारातून ते घरात येणारच होतं. तर म्हणाली, "जाऊं द्या की. तितं इस्तू हाय म्हनून जात्यात. हितं असते तर म्या पेटवली नसती व्हय चूल?" मी तिला गप्प बसवलं. सोजराही नवऱ्याची अशीच बाजू घ्यायची.

बापू, मी अडाणी माणूस, चौथी शिकलेला. तुमचा हॅरी चांगला असेल. शिवऱ्याचा गुत्तेवालाही मला बघून राम राम घालायचा. मला एवढंच ठाऊक आहे की माणूस आधी बसतो आणि मग पितो. उलटं कधी झालेलं नाही. आजपासून त्या दुकानाची पायरी चढू नका. चढलात आणि बेलभंडारा मोडला, तर मी पंच बोलावीन. जावई गेला तरी चालेल, दुसरी लेक आडातून काढायची माझ्यात ताकद नाही.

हे धमकी म्हणून लिहीत नाही. भीती वाटते म्हणून लिहितो.

मानसिंग


ओल्डहॅम
२८ डिसेंबर १९४३

मामांच्या पायांवर डोकं.

तुमचं पत्र नोव्हेंबरात आलं. त्याच शनिवारपासून मी जाणं बंद केलं. खोलीत घोंगडी पांघरून बसायचो. बिलला वाटलं मी आजारी आहे. हॉल्टबाईला वाटलं, तिच्या बटाट्यावर रुसलोय. एके दिवशी स्वतः हॅरी जिना चढून वर आला. त्याला वाटलं, माझ्या रंगावरून दुकानात कुणी काही बोललं. म्हणाला, नाव सांग, त्याला बाहेर काढतो. मी काय सांगणार? माझ्या सासऱ्यांना तू आवडत नाहीस असं सांगितलं. तो हसला. म्हणाला, माझ्या सासऱ्यालाही मी आवडत नव्हतो. आणि गेला.

आता पुढचं नीट वाचा, मामा. एक ओळसुद्धा सोडू नका.

नाताळच्या आधी हॅरीकडं तार आली. जिमीची बोट बुडाली. प्रेतसुद्धा नाही. शनिवारी हॉल्टबाई माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, धुतलेला शर्ट घाल, सगळे जाणार आहेत. मी गेलो. मला जाऊ नये असं वाटलंच नाही.

हॅरीनं दुकान उघडं ठेवलं होतं. आत आळीतली सगळी माणसं होती. त्यानं पैसे घेतले नाहीत. एकेक पेला भरून एकेकापुढं ठेवत गेला. एक भरून फोटोखाली ठेवला. मग माझ्यापुढं आला आणि माझ्यापुढंही तसाच दारूचा पेला ठेवला. मी पीत नाही हे तो विसरला होता. त्या दिवशी तो स्वतःचं नावसुद्धा विसरला असता. सगळे उभे राहिले. हॅरी फक्त पोराचं नाव बोलला.

मामा, माझ्या बापाचं मढं उचललं तेव्हा मी लहान होतो. आमच्या चुलीत विस्तव नव्हता. भावकी भाकरी घेऊन आली आणि आमच्याजवळ बसून दोन घास खाल्ले. चुलत्यांचं आणि बापाचं बांधावरून जन्माचं वैर, पण तेही आले, त्यांनीही कडू घास खाल्ला. आणि एक जण न खाता उठला होता, त्याच्या घरी आमचं माणूस आजवर गेलेलं नाही. हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला. हॅरीच्या घरात भाकरी नव्हती. जे होतं ते त्यानं पुढं ठेवलं. मी ते सरकवलं असतं तर त्या बापाच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. मी पेला उचलला आणि रिकामा केला.

दारू म्हणून नाही प्यालो. कडू घास म्हणून घेतला. नागेश्वराला हे समजतं, अशी माझी खात्री आहे. त्यानंतर घरी आलो आणि पुन्हा तिकडं गेलो नाही. लपवलं असतं तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. पण तुमच्यापासून लपवून बयाला नांदवायचं हे मला जमणार नाही. तुम्ही समजून घ्याल. पोर गेलेलं तुम्हालाही ठाऊक आहे.

तुमचा
हरिबा


ओल्डहॅम
२० एप्रिल १९४४

मामांना नमस्कार.

डिसेंबरच्या पत्राचं उत्तर नाही. जानेवारीत एक लिहिलं, त्याचंही नाही. बोटी बुडतात, पत्रं बुडतात, असं मनाची समजूत घालतो. पण माझ्यासोबतच्या साताऱ्याच्या पोराला घरून पत्र आलं. मग तुमचीच बोट कशी बुडते?

रागावला असाल तर शिव्या घाला, पण घाला. कोरा कागद पाठवलात तरी चालेल, आंबवड्याचा शिक्का तेवढा असू द्या. बया कशी आहे एवढं लिहा.

हरिबा


आंबवडे
वैशाख वद्य तृतीया, मे १९४४

हरिबा यांस,

तुमचं डिसेंबरचं पत्र फाल्गुनात मिळालं. होळीच्या आदल्या दिवशी पंच बसवले. तुमच्या बाजूनं वेल्ह्याहून तुमचे चुलते आले. बेलभंडारा मोडला हे तुमच्याच हातचं अक्षर सांगत होतं, साक्षीदार लागला नाही. पंचांनी काडी मोडायला सांगितलं. तुमच्या वतीनं चुलत्यांनी काडी मोडली. तुमचा आणि आमचा संबंध संपला.

अक्षय्य तृतीयेनंतर बयाचा पाट लावून दिला. माणूस वेल्ह्याच्या अंगाचा, गेनबा म्हणून, बायको बाळंतपणात गेलेली. शेती थोडी, पण सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. बयाची हरकत नव्हती. ती तिकडं सुखात आहे.

तुम्ही माणूस वाईट नाही. पण सोजराचा नवराही सुरुवातीला वाईट नव्हता. तुमचं बरं होवो. आता पत्र घालू नये.

मानसिंग


ओल्डहॅम
१६ ऑगस्ट १९४४

मानसिंगराव,

आता मामा म्हणायचा हक्क राहिला नाही, म्हणून नावानं लिहितो.

मी खोटं बोललो असतो तर आज माझी बायको माझी असती. एवढ्या एका वाक्यावर मी रात्रंदिवस फिरतोय. कामावर दोनदा लेथमध्ये हात जाता जाता राहिला. सोबतचा पोरगा म्हणाला, झोप काढ. झोपेत तरी काय वेगळं दिसतंय?

तुम्ही पंचांपुढं माझं पत्र वाचलंत. सगळं वाचलंत का? हॅरीच्या पोराचं वाचलंत? माझ्या बापाच्या मढ्याचं, भाकरीचं, चुलत्यांनी खाल्लेल्या घासाचं वाचलंत? काडी मोडताना चुलत्यांना ते आठवलं नाही? की तिथंही तुम्हाला खोकला आला?

तुम्ही मला दारू प्यालेला माणूस म्हणून टाकलं नाही. तुम्ही शिवऱ्याच्या माणसाला टाकायला उशीर केलात, त्याचं उट्टं माझ्यावर काढलंत. हे मी रागानं लिहितोय आणि मला त्याची लाज वाटत नाही. बयाची हरकत नव्हती असं लिहिलंत. ते मला सगळ्यात जास्त लागलं. तिची हरकत नसेल तर मग बोलायला काही उरलं नाही.

हरिबा


आंबवडे
पौष शुद्ध अष्टमी, जानेवारी १९४६

हरिबा, बाबा,

लढाई संपली आणि तुम्ही बोटीनं निघालात, असं तुमच्या चुलत्यांकडून कळलं. मुंबईचा पत्ता त्यांनीच दिला. तुम्ही आता सरळ भोरला येणार, असं ते म्हणाले. म्हणून घाईनं लिहितोय. अक्षराला हसू नका.

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर देतो. होय, तिथं मी खोकलो. हॅरीच्या पोराचं पंचांपुढं वाचलं नाही. वाचलं असतं तर पंच विरघळले असते, एखादा रडलासुद्धा असता, आणि मग मी एकटा पडलो असतो. पेला घेतला, एवढंच वाचलं. तुमच्या चुलत्यांनाही बाकीचं ठाऊक नव्हतं.

दुसरं खोटं. बयाची हरकत होती. भर पंचांत डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "प्याले तर प्याले. मला चालत्यात. माजा नवरा हाय त्यो." मी तिला हाताला धरून आत नेलं. पाटाच्या दिवशी गोठ्यात बैलाच्या दाव्याला हातानं धरून बसली होती. तुमच्या मामींनी आणि शेजारच्या दोघींनी मिळून सोडवली. त्या दिवसापासून तुमच्या मामी माझ्याशी कामापुरत्या बोलतात.

गेनबा पीत नाही. मारत नाही. बोलतही नाही. वाळक्या लाकडासारखा माणूस आहे, पेटतही नाही आणि हिरवाही होत नाही. दोष द्यावा असं त्याच्यात काही नाही, आणि हीच आमची फजिती. पहिली मुलगी झाली ती सहाव्या दिवशी गेली. आता बया दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले म्हणून इथं आलीय.

तुम्ही येणार हे तिला कळलंय. चुलते दारात मोठ्यानं बोलले, मला अडवता आलं नाही. तेव्हापासून ओट्यावर बसून गावात यायच्या वाटेवरच्या झुलत्या पुलाकडं बघते. हाक मारली तर उठत नाही. काल म्हणाली, "आबा, त्ये आले तर म्या जानार. मागून कुनी हाक मारायची न्हाई." पोटात गेनबाचं पोर आहे. तिला घेऊन गेलात तर पोराला बाप कोणता? गेनबा पोर मागेल, पंच घर वाळीत टाकतील. आणि नेलं नाहीत, नुसते भेटून गेलात, तर ती आडाची वाट धरील. तिचे डोळे मी ओळखतो. सोजराचे असेच डोळे एकदा पाहूनही मी तिला नांदायला परत पाठवलं होतं.

चूक माझी. तुमच्यापुढं नाक घासायला तयार आहे, मुंबईला येऊन घासतो. पण तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर ती बाहेर येईल. म्हणून येऊ नका.

मानसिंग


मुंबई
३१ जानेवारी १९४६

मामांना नमस्कार.

पत्र मिळालं तेव्हा ट्रंक बांधून ठेवली होती. सोडून ठेवली. मी येत नाही. इथंच एका कारखान्यात काम बघितलंय, पुण्याचं मी नको म्हणून सांगितलं.

तुम्ही नाक घासायला येऊ नका. तुमचा राग आता माझ्यात राहिला नाही. राग असता तर बरं झालं असतं, जायला काही तरी कारण असतं. तिची हरकत होती, हे वाचलं आणि मला वाटलं होतं की आनंद होईल. झाला नाही. तिची हरकत नव्हती असं समजून मी दीड वर्ष कसंबसं काढलं होतं, आता तेवढाही आधार गेला.

मी नुसता आलो नाही तर ती वाट बघत राहील. तिला मी ओळखतो, पोर झाल्यावरही बघेल. तेव्हा एक करा. त्या एका पेल्यानंतर मी दारूला शिवलो नाही, हे तुमच्यापाशी राहू द्या. हा कागद चुलीत घाला. सोबत दुसरा कागद आहे. तो ओट्यावर बसून, तिला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचा. शेजारीपाजारी असले तर आणखी बरं.

हरिबा

(सोबतचा कागद)

मुंबई
३१ जानेवारी १९४६

मानसिंगराव,

मी मुंबईत आलो आहे. भोरला यायचं कारण नाही. तिथं माझं कोण आहे? चुलत्यांनी मी येतो असं सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

तुम्ही काडी मोडलीत ते बरोबर केलंत. मी पहिल्या दिवसापासून पीत होतो. कोळसा, विस्तव, काळं पाणी या सगळ्या थापा होत्या. कुणाचं पोर मेलं म्हणून प्यालो हीही थाप होती. तिकडं सवय लागली ती लागलीच. इथंही पगार झाला की गुत्त्यातच असतो. परवा कुणी तरी उचलून खोलीवर आणून टाकलं, कोण ते आठवत नाही.

एक बाई ठेवली आहे. तीही पिते, त्यामुळं आमचं जमतं. बयाला सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर नका सांगू, मला दोन्ही सारखंच. तिचं तोंडसुद्धा आता मला नीट आठवत नाही. तिला चांगला नवरा मिळाला आहे, त्याच्या घरी गुमान नांदावं.

पैशाची अडचण आहे. असतील तर दहा रुपये पाठवा, नसतील तर पत्रही घालू नका.

हरिबा